स्टक्सनेट की नॉटपेट्या: कारखान्याच्या सुरक्षेचा पैसा आधी कशावर?

कारखान्याच्या सायबर सुरक्षेसाठी यंदा थोडा पैसा मंजूर झाला असेल आणि तो कुठे घालायचा हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर विकायला येणारा प्रत्येक जण स्टक्सनेटचं नाव घेतो. ते नाव ऐकून घाबरायला होतं, आणि घाबरून घेतलेली खरेदी बहुधा चुकते. म्हणून सरकारी यंत्रणांनी बनवलेली म्हणून ओळखली जाणारी दोन सायबर हत्यारं, म्हणजे संगणकात शिरून नासधूस करणारे प्रोग्रॅम, इथे शेजारी ठेवतो: २०१० मध्ये सापडलेलं स्टक्सनेट आणि २०१७ चं नॉटपेट्या. माझं मत आधीच सांगतो. कारागिरीत स्टक्सनेट कितीतरी वरचं आहे, पण तुमचा पहिला रुपया नॉटपेट्याच्या बंदोबस्तावर जायला हवा.

कारागिरी

स्टक्सनेटचं लक्ष्य एकच होतं: इराणमधल्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रातली सेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं. तिथलं संगणकांचं जाळं इंटरनेटपासून तुटलेलं, म्हणून आत शिरायला पेन ड्राइव्हचा आधार. विंडोजमधल्या चार अशा त्रुटी त्याने वापरल्या ज्यांवर तोवर दुरुस्तीच आलेली नव्हती. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारे भाग, खरे वाटावेत म्हणून रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांची चोरलेली डिजिटल प्रमाणपत्रं लावलेली होती.

पण खरं कसब पुढे आहे. आत गेल्यावर ते सीमेन्सचा ठरावीक पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, शोधायचं. त्याला फिनलंडच्या किंवा इराणच्या एका ठरावीक कंपनीचे फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारी उपकरणं) जोडलेत का, आणि ते ८०७ ते १२१० हर्ट्झच्या दरम्यान चालतायत का, हे तपासायचं. जुळलं नाही तर पीएलसीला हात लावायचं नाही. जुळलं तर वेग १४१० हर्ट्झवर न्यायचा, नंतर कधी तरी २ हर्ट्झवर आणायचा, मग पुन्हा १०६४ वर सोडायचा. पीएलसीत घुसवलेला कोड अभियंत्याने तपासायला घेतला, तर त्याच्या संगणकावर तो दिसायचाच नाही. झडपांवर हल्ला करणाऱ्या आधीच्या आवृत्तीत तर नेहमीच्या वेळचे आकडे टिपून ठेवून हल्ला चालू असताना तेच दाखवण्याची सोय होती. सुमारे १००० सेंट्रिफ्यूज बदलावी लागली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिका आणि इस्रायलकडे बोट दाखवलं जातं. दोघांनीही अधिकृतपणे ते कबूल केलेलं नाही.

नॉटपेट्यात असली नजाकत नाही. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेडॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये आधीच शिरकाव झाला होता. २७ जून २०१७ रोजी, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, त्याच वाटेने ते बाहेर पडलं. पसरायला त्याने इटर्नलब्लू वापरलं, म्हणजे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरीला जाऊन एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झालेलं साधन. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती.

मग दुरुस्ती केलेली मशीनं का पडली? कारखान्याच्या आयटीवाल्यांनी नीट बघावी अशी गोष्ट हीच आहे. नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड काढायचं आणि विंडोजच्याच नेहमीच्या प्रशासकीय साधनांनी शेजारच्या मशीनवर जायचं. दुरुस्ती न केलेलं एक मशीन आणि सगळीकडे चालणारा एक अ‍ॅडमिन पासवर्ड, एवढं पुरलं. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जायची, पण पैसे भरूनही फाइली परत मिळणं शक्य नव्हतं. ते खंडणीचं सोंग घेतलेलं विध्वंसाचं हत्यार होतं. २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर यासाठी आरोपपत्र ठेवलं.

कोणाला लागलं

स्टक्सनेट भारतातही पोचलं होतं. सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा क्रमांक होता. पण अटी जुळल्याशिवाय ते यंत्राला धक्का लावत नव्हतं, आणि २४ जून २०१२ नंतर पसरायचं नाही ही तारीखही त्याच्या आतच लिहिलेली होती. ज्याने ते बनवलं त्याला फक्त नतान्झ हवं होतं.

नॉटपेट्याला असला लगाम नव्हता. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी कोणाच्याही युद्धात नव्हती. तिला १० दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाच्या एपीएम कंपनीकडचं टर्मिनलही ठप्प झालं. भांडण रशिया-युक्रेनचं आणि कंटेनर अडकले उरणला. ज्या कारखान्यांचा माल त्या टर्मिनलमधून जायचा होता, त्यांच्या स्वतःच्या संगणकांना काहीही झालेलं नसताना त्यांची निर्यात खोळंबली. अमेरिकी सरकारच्या अंदाजाने जगभरचं नुकसान १० अब्ज डॉलरच्या वर गेलं.

मर्स्कची सुटका कशी झाली हेही लक्षात ठेवा. संपूर्ण कंपनीचे लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. हे सर्व्हर एकमेकांचाच बॅकअप होते. सगळे एकदम जातील अशी कल्पनाच कोणी केली नव्हती.

तुमच्यासाठी काय

चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या मध्यम कारखान्यासाठी कोणी परदेशी सरकार वर्षानुवर्षं खपून खास हत्यार बनवेल, याची शक्यता फार कमी. कोणासाठी तरी बनवलेलं हत्यार व्हेंडरच्या, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या किंवा परदेशी भागीदाराच्या जाळ्यातून तुमच्याकडे येण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून पहिल्या टप्प्यात मी हे करेन: कुठल्याही जाळ्याला न जोडलेला बॅकअप, त्यात लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, पीएलसीचे प्रोग्रॅम आणि रेसिपी (उत्पादनाची मापं आणि सेटिंग) हे सगळं आलं, वर्षातून एकदा तरी तो खरोखर परत चढवून बघणं, प्रत्येक मशीनला वेगळा अ‍ॅडमिन पासवर्ड, आणि ऑफिसचं जाळं शॉप फ्लोअरपासून तोडणं. यातलं बरंचसं काम महागड्या उपकरणाविना होतं. त्यासाठी एका जाणत्या माणसाचा पूर्ण वेळ मात्र लागतो, आणि बजेटमध्ये नेमका तोच धरलेला नसतो.

जाळं तोडण्याचा फायदा दोन्ही हत्यारांविरुद्ध होतो. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा केंद्रात मालवेअर सापडलं, तेव्हा ते प्रशासकीय कामाच्या जाळ्यातल्या संगणकावर होतं. महत्त्वाचं अंतर्गत जाळं त्यापासून वेगळं असल्याचं ते केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने निवेदनात सांगितलं.

पेन ड्राइव्हवर बंदी, पीएलसीतला चालू प्रोग्रॅम मूळ प्रतीशी ताडून पाहणं, शॉप फ्लोअरच्या जाळ्यावर नजर ठेवणारी प्रणाली हा स्टक्सनेटविरुद्धचा बंदोबस्त. त्याचं मोल आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यात.

माझा क्रम एका ठिकाणी उलटा करा: तुमचा प्रकल्प वीजनिर्मितीचा, वायूचा किंवा घातक रसायनांचा असेल तर. तारापूर-पाताळगंगा पट्ट्यातल्या वाचकांनी ट्रायटन या मालवेअरचं प्रकरण जरूर वाचावं. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोर थेट सुरक्षा प्रणालीच्या कंट्रोलरपर्यंत पोचले, म्हणजे काही बिघडलं तर प्रकल्प आपोआप थांबवणाऱ्या शेवटच्या यंत्रणेपर्यंत. त्या कंट्रोलरवर एक किल्ली असते. ती ‘प्रोग्रॅम’वर राहिली होती; ‘रन’वर असती तर नवा कोड चढवणं अवघड झालं असतं. अशा प्रकल्पात डेटा गेला तर पैसा जातो, पण ही यंत्रणा गेली तर माणसं जातात. तिथे सुरक्षा कंट्रोलर पहिला, बॅकअप नंतर.

आणि विम्यावर विसंबून हा खर्च पुढे ढकलणार असाल तर पॉलिसी काढून वाचा. नॉटपेट्यानंतर मर्क या औषध कंपनीचा १४० कोटी डॉलरचा दावा विमा कंपन्यांनी युद्धातलं नुकसान वगळणाऱ्या कलमाखाली नाकारला. न्यू जर्सीतली न्यायालयं मर्कच्या बाजूने उभी राहिली, पण तडजोड व्हायला २०२४ उजाडलं. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने तर ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसींमध्ये सरकार-पुरस्कृत हल्ले वगळणारं कलम सक्तीचं केलं. आपल्या एजंटला लेखी विचारा: हल्ला दुसऱ्या देशाच्या सरकारने केला असं ठरलं, तर दावा मिळेल का, आणि ते ठरवणार कोण?