एचसीजी इंजेक्शनचं वेट लॉस पॅकेज (न्यू जर्सी) : पैसे गेले आणि तब्येतही

आधी निकाल सांगते. वजन उतरतं, अगदी झरझर उतरतं, पण ते इंजेक्शनमुळे नाही तर माणूस उपाशी राहतो म्हणून. आणि ते उपाशी राहणं साधंसुधं नाहीये.

माझ्या धाकट्या जावेने इथल्या एका मेड-स्पाचं (ब्युटी पार्लरसारखी जागा, जिथे इंजेक्शनं वगैरेही देतात) पॅकेज घेतलं, सातशे डॉलर, वर व्हिटॅमिनची इंजेक्शनं वेगळी. मी तिला गाडीने न्यायचे-आणायचे त्यामुळे सगळं समोर बघितलंय. स्पाचं नाव घेत नाही कारण असं पॅकेज विकणारं ते एकटंच दुकान नाही.

पॅकेज म्हणजे रोज एचसीजीचं छोटं इंजेक्शन स्वतःच पोटात टोचायचं आणि दिवसाला फक्त ५०० कॅलरी खायच्या. एचसीजी म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीला जे हॉर्मोन कळतं तेच. सकाळी चहा, त्यात दिवसभरात मिळून एक चमचा दूध. दुपारी १०० ग्रॅम चिकन किंवा मासे, तेलाचा थेंब नाही, एक भाजी, एक कडक ब्रेडस्टिक, एक सफरचंद, रात्री परत तेच. अंगाला क्रीम, डोक्याला तेल पण लावायचं नाही!! का तर म्हणे फॅट आत जातं.

हे सगळं काढलं अल्बर्ट सिमिअन्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने, १९५४ मध्ये, रोममध्ये असताना. त्याआधी तो बरीच वर्षं भारतात होता आणि तिथल्याच पेशंट्सवरून त्याला ही कल्पना सुचली. त्याचं म्हणणं असं की हॉर्मोन साठलेली चरबी मोकळी करतं त्यामुळे बाहेरून ५०० कॅलरी पुरतात, भूक लागत नाही. आपल्यासारख्या शाकाहारी लोकांसाठी त्याने रोज अर्धा लिटर साय काढलेलं दूध सांगितलं होतं आणि असंही लिहून ठेवलं होतं की त्यांचं वजन साधारण निम्मंच उतरतं. आमची जाऊ शाकाहारी, स्पावाल्यांनी तिला सरळ टोफू लिहून दिला आणि रिझल्टची गॅरंटी मात्र चिकनवाल्यांचीच.

आता मुद्दा असा की हे सगळं नंतर नीट तपासून झालंय. अर्ध्या लोकांना एचसीजी आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून बघितलं, दोघांना डाएट तेच, वजन सारखंच उतरलं आणि भूकही सारखीच लागली. १९९५ मध्ये असे २४ अभ्यास एकत्र काढून पाहिले, निष्कर्ष हाच की लठ्ठपणावर एचसीजी उपयोगाचं नाही. अमेरिकेत तर १९७५ पासून एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) या औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापणं बंधनकारक केलंय. पण जावेला भरलेल्या सिरिंज मिळायच्या, खोकं नाही की कागद नाही, मग वाचणार काय?

थेंबवाली व्हर्जन तर त्याहून वाईट. हे हॉर्मोन प्रोटीन आहे, तोंडाने घेतलं की डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जातं. २०११ मध्ये एफडीए आणि एफटीसीने (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारी सरकारी संस्था) अशा थेंबवाल्या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या, तरी ऑनलाइन अजून दिसतातच.

५०० कॅलरी म्हणजे किती कमी ते कळावं म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटामध्ये ३६ तरुणांना मुद्दाम अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळायच्या आणि तरी ती पोरं चिडचिडी, उदास, सतत थंडी वाजणारी झाली. इथे त्याच्या एक तृतीयांश! ८०० च्या खालचं डाएट डॉक्टर देतात कधीकधी, पण रक्त तपासून, पोटॅशियम बघून, गरज असेल तर ईसीजी काढून, कारण क्षार बिघडले की हृदयाचे ठोके बिघडतात. स्पामध्ये काय होतं? वजनकाटा आणि टेप.

जावेला दुसऱ्या आठवड्यापासून उभं राहिलं की चक्कर यायची. फोन केला तर म्हणाले टॉक्सिन्स बाहेर पडतायत, पाणी प्या. ती मला म्हणायची, "वहिनी, हा चांगला साइन आहे." मला त्या वाक्याचा अजून राग येतो, तिचा नाही, तिला ते शिकवणाऱ्यांचा. पुढे केस मुठीने गळले आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली इतकं दुखायला लागलं की इमर्जन्सीत न्यावं लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. जेवणात तेल-तूपच नसलं की पित्ताशय रिकामं होत नाही, त्यात झपाट्याने वजन उतरलं की पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, त्यामुळे खडे होण्याचा धोका वाढतो असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्यांनी ताबडतोब इंजेक्शन बंद करायला लावलं, कारण त्याने रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका असतो. पुरुषांमध्ये छाती वाढू शकते हेही कळलं, आणि स्पाच्या वेटिंग रूममध्ये पुरुषही बसलेले असायचे.

उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायू पण होते. वर्षभरात वजन सगळं परत आलं, ताकद तेवढी नाही आली.

रिफंड मागितला तर "तुम्ही प्रोटोकॉल अर्धवट सोडला" म्हणून नकार. कोणी पैसे भरून बसलं असेल तर सुरू करण्याआधी कॅन्सल करा, क्रेडिट कार्डवर असेल तर डिस्प्यूट टाका. आणि सुरू केलं असेल आणि चक्कर, छातीत धडधड, एकाच पायाला सूज, धाप यातलं काहीही असेल तर स्पाला फोन करू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा आणि एचसीजी घेतेय हे स्वतःहून सांगा, कारण त्याने प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.