नास्तिक की अज्ञेयवादी: स्वतःला काय म्हणवून घ्यावं?

देवपूजा सुटलेली असते, नवस बोलणं कधीच थांबलेलं असतं, पण कुणी विचारलं तर नास्तिक म्हणावं की अज्ञेयवादी, इथे बरेच जण अडतात. मी काही वर्षं स्वतःला अज्ञेयवादी म्हणवून घेत होतो, आता नास्तिक म्हणवतो. दोन्ही ठिकाणी राहून झालंय, म्हणून लिहितोय. व्याख्या तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. एका टोकाला आस्तिक, दुसऱ्या टोकाला नास्तिक आणि मधे कुंपणावर अज्ञेयवादी, असं चित्र पुष्कळांच्या मनात असतं. पण या दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का, याला अज्ञेयवादी ‘नाही’ म्हणतो. तू देव मानतोस का, याला नास्तिक ‘नाही’ म्हणतो. एकाच माणसाने दोन्हीकडे ‘नाही’ म्हणायला काहीच आडकाठी नाही, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक निरीश्वरवादी तसेच आहेत. उलट, देव बुद्धीच्या पलीकडचा आहे असं मानून रोज संध्याकाळी दिवा लावणाराही अज्ञेयवादी असू शकतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४७ मध्ये हा घोळ नीट मांडला होता. तत्त्वज्ञांपुढे बोलायचं तर ते स्वतःला अज्ञेयवादी म्हणवत, कारण देव नाही हे निर्णायकपणे सिद्ध करता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला मात्र नास्तिक असंच सांगायला हवं असं त्यांना वाटे, कारण प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातले देव नाहीत हेही सिद्ध करता येत नाही, पण त्यांच्या असण्याचा कुणी गंभीरपणे विचार करत नाही.

अज्ञेयवादाची ओढ मला अजूनही आहे. त्याची परंपरा मोठी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त ज्या शंकेवर संपतं ती वाचून आजही थांबायला होतं: ही सृष्टी कुठून आली ते वरचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा विचारवंत परलोकाविषयी ‘आहे’ही म्हणत नसे आणि ‘नाही’ही म्हणत नसे. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये हा पक्ष ‘अॅग्नॉस्टिक’ असं नाव देऊन उभा केला तेव्हा त्यांच्या मनात एक शिस्त होती: पुरावा जिथवर नेतो तिथवरच बोलायचं. आपल्याकडे आगरकर इंग्लिश तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर वाचून याच वळणावर आले. त्यांना सामान्यतः अज्ञेयवादी म्हणतात. पण पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तेव्हा हा सूक्ष्म फरक कुणी लक्षात घेतला नाही. सौम्य नाव घेतलं की लोकही सौम्य वागतील, या आशेवर कुणी निवड करू नये.

माझी निवड मात्र तत्त्वज्ञानाने केली नाही. ती वडिलांच्या दहाव्याला सुरू झाली.

काकांना माझे विचार माहीत होते. ते शांतपणे म्हणाले, “तुला नक्की ठाऊक आहे का, की काहीच पोचत नाही म्हणून? नाही ना? मग बस की. पोचलं तर पोचलं, नाही पोचलं तर आपलं काय गेलं?” मी बसलो. आईला ते हवं होतं आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा एकेक जण पुढे होऊन वडिलांना वचनं देत होता, आईला सांभाळू, धाकटीचं लग्न करू. त्या माणसांचं दुःख खरं होतं.

पण काकांचा तो युक्तिवाद तिथे थांबला नाही. वर्षश्राद्धाला तोच. पितृपक्षात तोच. चुलत भावाचं लग्न जमेना तेव्हा कुणीतरी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी हा पितरांच्या शांतीचा विधी करायला सांगितलं, आणि खर्चात माझा वाटा मागताना पुन्हा तोच: तुला कुठे खात्रीने माहीत आहे? माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एकच होतं, की माहीत नाही, आणि नेमकं तेच उत्तर माझ्याविरुद्ध वापरलं जात होतं. ‘माहीत नाही’चा फायदा नेहमी एकाच बाजूला मिळतो. माहीत नाही ना, मग करू नकोस, असं मला अजून एकाही नातेवाइकाने म्हटलेलं नाही. त्यात देव असण्याचीही गरज उरत नाही. पूर्वमीमांसा या वैदिक कर्मकांडाच्या दर्शनालाही ईश्वर लागत नाही, कर्म लागतं, आणि माझे निम्मे नातेवाईक नकळत मीमांसक आहेत असं मला त्या दिवसांत वाटू लागलं.

पुढे मी सरळ सांगितलं, की मी नास्तिक आहे, मी हे मानत नाही. काका रागावले, काही महिने नीट बोलले नाहीत. पण प्रश्न थांबले. पुढच्या पितृपक्षात त्यांनी मला फक्त जेवायला बोलावलं, आणि मी गेलो.

माझं ज्ञान तेवढंच राहिलं, हे मुद्दाम सांगतो. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते मला आजही ठाऊक नाही. कुणी निर्गुण, निराकार, कशातही हस्तक्षेप न करणारं तत्त्व आहे का असं विचारलं तर मी अज्ञेयवादीच आहे. नवसाला पावणारा, कोप करणारा, पिंड मिळाला नाही म्हणून पुढच्या पिढीची लग्नं अडवणारा देव मात्र मी नाकारतो. घरात आणि गावात ज्या देवाविषयी विचारलं जातं तो बहुधा हाच असतो, त्यामुळे उत्तरही त्यालाच धरून द्यावं असं मला वाटतं.

नास्तिक म्हणवण्याची किंमत आहे, ती लपवत नाही. समोरचा सुरुवातीलाच दार लावून घेतो. तुम्हाला त्याच्या आईची पूजा बंद पाडायची आहे असं त्याला वाटतं. जिथे लोकांना सोबत घेऊन काम करायचं आहे तिथे हे फार जड जातं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने म्हणूनच देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, अशी भूमिका घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर ती भूमिका समजावून सांगत, आणि डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच सोबत व्यासपीठावर बसून देव ही कल्पनाच टाकून द्या म्हणत. दोघांनी महाराष्ट्रभर असे कार्यक्रम केले, म्हणजे या दोन वृत्ती एकत्र काम करू शकतात हे आपल्याकडे दिसून आलं आहे.

तेव्हा तुमचं बोलणं मुख्यतः अभ्यासू मंडळींशी होत असेल, किंवा घरात कुणी तुमच्यावर काही लादत नसेल, तर अज्ञेयवादी राहा. ते जास्त नेमकं आहे. शंका अजून खरोखर दोन्हीकडे सारखी असेल तरीही तेच म्हणा, घाई नको. पण मनातून उत्तर ठरलेलं असेल आणि केवळ शब्द कडक वाटतो म्हणून नास्तिक म्हणायचं टाळत असाल, तर माझा कल तुम्हाला दिसतोच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. सरकारी फॉर्मवर धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे, त्यामुळे तिथे या दोन नावांपैकी एक निवडायची वेळ येत नाही. घरी मात्र येते. जे काही ठरवाल ते भावंडांना आणि आईवडिलांना साध्या दिवशी सांगून ठेवा, स्वतःच्या अंत्यविधीचं काय करायचं तेही लिहून ठेवा. कार्याच्या दिवशी, भटजी येऊन बसल्यावर, हे बोलणं कुणालाच नीट जमत नाही.