जुन्या रोड बाईकची चाकं झिजलीत: फक्त रिम बदलू, तयार सेट घेऊ की नवीन बांधून घेऊ?

रिम ब्रेकवाली जुनी रोड बाईक दुकानात नेली आणि चाकं झिजलीत म्हटलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, नवीन सेटच टाका. कधीकधी ते बरोबर असतंही, पण कितीतरी वेळा चांगला हब (चाकाच्या मधला, एक्सलभोवतीचा भाग) त्या नादात भंगारात जातो आणि त्याच्या जागी हलक्या दर्जाचा सेट येतो, ते बघून खरंच वाईट वाटतं. म्हणून सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून लिहितोय. धरून चाललोय की सायकल दहाएक वर्षं जुनी आहे, रिम ब्रेक, शिमानो 8, 9 किंवा 10 स्पीड (मागे तेवढ्या दातेरी चकत्या), मागच्या फोर्कमधली जागा 130 मिमी. डिस्कवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांची रिम ब्रेकनं झिजत नाही.

आधी खरंच झिजलीय का ते बघा, कारण चाक नुसतं आऊट असेल, म्हणजे फिरताना डोलत असेल, तर आऊट काढून घेतला की काम झालं. झीज ब्रेकचं रबर घासतं त्या पट्ट्यावर होते. तिथं बोट फिरवलं की मधे खोलगट लागतं, आणि स्टीलची पट्टी आडवी टेकवून मागून उजेड धरला तर पट्टीखाली फट दिसते. बऱ्याच रिमांवर त्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा बारीक खड्डे असतात, ते दिसेनासे झाले म्हणजे रिम संपली. टायर काढून मापाच्या कॅलिपरनं रिमच्या भिंतीची जाडी मोजता आली तर उत्तम, 1 मिमीच्या आसपास आली असेल तर ती रिम घेऊन सिंहगडचा उतार उतरू नका. आतून टायरची हवा भिंतीला बाहेर ढकलत असते, वरून ब्रेक दाबत असतो, आणि पातळ झालेली भिंत अशी उतारावरच फाटते. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार लवकर होतं, ताम्हिणीतून भिजत आलात की ब्रेकची रबरं काढून बघा, त्यात वाळू आणि ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले दिसतील, ते कण तुमच्याच रिमचे. शिवाय स्पोकच्या भोकांभोवती बारीक चिरा पडल्यात का तेही बघा, तिथं चीर असेल तर बाकी मापं घेत बसायची गरजच नाही, रिम बाद.

आता हब. माझ्या मते सगळा निर्णय हबवर आहे आणि नेमका तोच कुणी उघडून बघत नाही. चाक काढा, क्विक रिलीजची दांडी बाहेर ओढा आणि एक्सल दोन बोटांत धरून अगदी सावकाश फिरवा. थोडी कोरडी खरखर लागली तर घाबरायचं कारण नाही, ग्रीस संपलंय. पण फिरवताना ठराविक जागी खाचेत पडल्यासारखं अडकत असेल तर आत खड्डे पडलेत. शिमानोच्या हबमध्ये कप (छर्रे फिरतात ती वाटी), कोन (एक्सलवरचा, त्यांना आतून दाबणारा भाग) आणि सुटे छर्रे असतात, मागे साधारण पाव इंची, एका बाजूला 9. छर्रे कवडीमोल किमतीचे, कोन बदलता येतो, पण कप हबच्या बॉडीतच दाबून बसवलेला असतो, त्यावर खड्डा पडला की तो हब संपला. उघडल्यावर रॉकेलनं पुसून टॉर्च मारा, कपावर छर्र्यांच्या वाटेची एकसारखी गुळगुळीत चमकदार रेघ दिसली तर हा हब अजून बरीच वर्षं चालणार. मित्राच्या जुन्या टियाग्रा (शिमानोची मधल्या दर्जाची मालिका) हबमधून असंच काळंकुट्ट ग्रीस निघालं होतं, दुकानदारानं बघताक्षणी नवीन सेट सांगितलेला, आणि आत कप आरशासारखे. नवे छर्रे, नवं ग्रीस, विषय संपला.

तर हब चांगला आणि रिम गेलेली असेल तर पहिला पर्याय म्हणजे त्याच हबवर नवीन रिम. यात दोन गोष्टी जुळायला लागतात. एक म्हणजे भोकांची संख्या, 32 ला 32 च. दुसरी म्हणजे निपल (स्पोकच्या टोकाचा नट) जिथं टेकतो तिथला रिमचा व्यास, ज्याला ईआरडी म्हणतात. जुन्या मॅविक ओपन प्रोचा तो 602 मिमी आहे आणि एच प्लस सन आर्किटाइपचा 595, म्हणजे एकाच्या जागी दुसरी टाकायची तर स्पोक साडेतीन मिमी आखूड लागणार, जुने चालणार नाहीत. एकदोन मिमीचा फरक असेल तर चालून जातं, मग नवी रिम जुनीला चिकटपट्टीनं बांधायची आणि एकेक स्पोक या रिममधून त्या रिममध्ये सरकवत जायचं, हबवरची विण मोडतसुद्धा नाही. पण स्पोक तुटायला लागलेले असतील, म्हणजे एक तुटला, बदलला, महिन्याभरात दुसरा, तर सगळे नवीनच घ्या, तिथं काटकसर करू नका. दुहेरी जाडीचे 2.0/1.8 मिमीचे स्पोक, डीटी स्विस कॉम्पिटिशन किंवा सापिम रेस, आणि निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल हलके असतात हे खरं, पण आपल्या दमट हवेत, त्यातून कोकणात किंवा मुंबईत, ते रिममध्ये असे चिकटून बसतात की पुढच्या वेळी आऊट काढायला गेलं की डोकंच तुटतं.

या पर्यायाची खरी अडचण माणसाची आहे. चाक नीट ताणून देणारा मेकॅनिक हवा, मागच्या चाकाला चेनच्या बाजूचा ताण साधारण 100 ते 120 किलो, डावीकडचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि शेवटी स्पोकच्या जोड्या हातानं करकचून दाबून बसवायच्या आणि पुन्हा आऊट बघायचा. टेन्शन मीटर नसला तरी चालतं, जुने लोक स्पोकवर टिचकी मारून आवाजावरून ओळखतात आणि अगदी बरोबर ओळखतात. विचारून बघा, "दाबून बसवता का?" उत्तर देताना जो माणूस गोंधळला त्याच्याकडे देऊ नका.

दुसरा पर्याय, तयार व्हीलसेट. यात सहज समोर येणारं नाव शिमानो आरएस 100, जोडीचं वजन दोन किलोच्या जरासं आत, रिमची आतली रुंदी 17 मिमी, त्यामुळे 25 आणि 28 मिमी रुंदीचे टायर छान बसतात, जुन्या 15 मिमीच्या रिमांपेक्षा नक्कीच चांगले. आजच्या आज घ्या, टायर चढवा आणि उद्या राईडला जा, हा मोठा फायदा आहे, आणि हब कप कोनचेच आहेत म्हणजे सर्व्हिस होतात. नवीन रिमा, सगळे नवे स्पोक आणि मजुरी मिळून जर या सेटच्या किमतीच्या जवळ जात असेल, आणि तुमचं रोजचं चालवणं शहरात आणि आसपास असेल, तर मीही हाच घेईन.

पण यात पुढे 20 आणि मागे 24 च स्पोक असतात. मागचा एक तुटला की चाक इतकं वाकतं की ब्रेकला घासतं, कधी फ्रेमलाही. 32 स्पोकच्या चाकात एक गेला तर ब्रेकची कळ सैल करून घरी येता येतं. तुम्ही बीआरएम, म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणारे असाल, 300 किंवा 400 किमीच्या अशा राईडमध्ये (ब्रेव्हेमध्ये) पहाटे तीनला कुठल्यातरी घाटाखाली असाल, तर हा फरक कागदावरच्या थोड्याशा वजनापेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि या सेटची रिम पुन्हा झिजली की 20-24 भोकांची सुटी रिम शोधत फिरण्यापेक्षा लोक अख्खा सेटच टाकून देतात.

तयार सेट घेणाऱ्यांनी अजून एक बघा. नव्या चाकांचा फ्रीहब (मागच्या हबचा, ज्यावर कॅसेट म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा बसतो तो भाग) 11 स्पीडचा असतो, तो जुन्यापेक्षा 1.85 मिमी लांब आहे. तुमची 8 किंवा 9 स्पीडची कॅसेट त्यावर बसते, फक्त मागे 1.85 ची रिंग टाकायची. 10 स्पीडच्या बऱ्याच कॅसेटबरोबर 1 मिमीची एक रिंग मूळचीच येते, तीही टाकावी लागते. रिंग विसरली तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी शेवटची रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि मग लोक चाकालाच नावं ठेवतात.

तिसरा पर्याय, नवे हब घेऊन नवी चाकं बांधून घेणं. हबचे कप गेलेत, तुमचं वजन 85-90 किलोच्या पुढे आहे, किंवा सामान लादून लांबच्या टूर करता, तर पैसे जास्त गेले तरी मी हेच सांगेन. शिमानोचा टियाग्राच्या दर्जाचा 32 भोकांचा हब, मजबूत रिम, तेच वर सांगितलेले स्पोक. वजन तयार सेटएवढंच किंवा थोडं जास्त भरेल, पण पुढे जे काही मोडेल ते सुटं बदलता येईल, आणि पुढच्या वेळी फक्त रिमचा खर्च.

सेकंडहँड चाकांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. सगळे डिस्कवर चाललेत, त्यामुळे चांगली रिम ब्रेकची चाकं बऱ्याच जणांच्या माळ्यावर नुसती पडून आहेत आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. जाताना स्टीलची पट्टी आणि कॅलिपर घेऊन जा, वरच्या दोन्ही तपासण्या तिथंच करा, आणि टायर काढू देत नसेल तर सरळ परत या.

कार्बनबद्दल थोडक्यात. रिम ब्रेक आणि आपले घाट यांच्याबरोबर कार्बन क्लिंचर (साधा ट्यूबचा टायर बसणारी कार्बनची रिम) मी कुणालाच सुचवणार नाही. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, आतलं रेझिन मऊ पडू शकतं, आणि पावसात ब्रेक उशिरा लागतो. रबरं वेगळी घ्यावी लागतात ते निराळंच. त्या पैशात चांगले टायर घ्या, सायकल मऊ आणि वेगवान वाटायला टायर जेवढी मदत करतात तेवढी या पातळीवरची चाकं करत नाहीत. मात्र जुन्या फ्रेममध्ये 28 मावतो का ते मोजा, रुंद रिमवर 25 चा टायरसुद्धा 26-27 भरतो, आणि ब्रेकच्या कमानीखाली तीनचार मिमी मोकळे हवेतच, नाहीतर चिखल अडकतो.

ज्यांची सायकल याहूनही जुनी आहे, स्टीलची, 6-7 स्पीडची, त्यांनी मागची जागा मोजावी, ती 126 मिमी निघेल. स्टीलची फ्रेम जाणकाराकडून 130 पर्यंत फाकवून घेता येते, ॲल्युमिनियम किंवा कार्बनची मुळीच नाही. आणि रिम मागताना इंचात मागू नका. 28 इंची म्हटलं की गावातल्या दुकानात साध्या काळ्या सायकलची 635 ची रिम हातात पडते, तुमची रोड बाईक 622 ची, आणि जुन्या 27 इंचीवाल्यांची 630. टायरच्या बाजूवर 25-622 असं छापलेलं असतं, तोच आकडा सांगायचा.

दोन्ही चाकं एकदम बदलायलाच पाहिजेत असंही नाही. मागची रिम गेली आणि पुढची भिंत अजून जाड आहे, तर मागचंच करा आणि उरलेल्या पैशात रबरं नवीन टाका. नव्या रिमवर जुनी कण रुतलेली रबरं लावली तर पहिल्याच पावसात ओरखडे पडतात. नवी रिम जुनीपेक्षा रुंद असेल तर ब्रेकची केबल सैल करून पुन्हा बसवावी लागेल, आणि बांधून घेतलेलं चाक पहिल्या एकदोन लांब राईडनंतर परत मेकॅनिककडे नेऊन आऊट बघून घ्या, हे मजुरीतच धरायला आधीच सांगून ठेवा.