तुर्भ्याचं गॅरेज आणि आमची २०१२ ची पिकअप

आमची बोलेरो पिकअप बाबांनी घेतलेली. दहा वर्षं वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून पालेभाजी भरून ठाण्याला जायची, मग बाबांचे गुडघे गेले आणि गाडी ऐरोलीत बिल्डिंगच्या मागे दीड वर्ष उभी. विकायला काढली तर भंगारवाला सोडून कोणी धड भाव सांगेना, म्हणून ठरवलं आपणच चालवू. हातात होते पन्नास हजार.

आधी एका गॅरेजला दाखवली, त्यांनी काळा धूर बघितला आणि थेट इंजिन खोलायला लागेल, सत्तर हजार. मग ओळखीतून तुर्भ्याला ट्रक टर्मिनलजवळच्या गल्लीत या छोट्या गॅरेजवर नेली. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वर हात धरून फुंकर येते का बघितली (जोराची आली तर इंजिन झिजलेलं असतं) आणि म्हणाले, "दादा, इंजिन चांगलंय. निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. हा काळा आहे, हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय." एअर फिल्टर काढला तर धुळीने गच्च. तो बदलला, नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून सेट करून आणले, ४,८०० मध्ये धूर गेला. मला त्या दिवशी रात्री खरंच झोप लागली.

खरं काम निघालं हौद्याखाली. पालेभाजीचं पाणी वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटीतून गळत होतं, मिस्त्रींनी हौद्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी चॅनलला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला, पापड मोडावा तसा पत्रा मोडला. दोन चॅनल नवीन टाकले, वेल्डिंग, रेड ऑक्साइड (गंज लागू नये म्हणून लावतात तो लाल रंग), सगळं मिळून १४,०००. मी रंगाचं विचारलं तर म्हणाले ते पैसे आत्ता ठेवा, पासिंगच्या (आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या) वेळी लागतील (आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग आहे). गिऱ्हाईकाला खर्च पुढे ढकलायला सांगणारा मिस्त्री मला पहिल्यांदा भेटला.

मागच्या स्प्रिंगचा एक मेन पाटा तुटलेला, तोच बदलला, बाकीचे पाटे तेच ठेवले, बुश आणि पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट मात्र नवीन. क्लच प्लेट बदलली. दरवाजा कुर्ल्याहून जुना आणला साडेतीन हजारात, पण ब्रेकचं काहीही जुनं लावायला त्यांनी साफ नकार दिला, मागचे व्हील सिलेंडर गळत होते ते नवीनच टाकले आणि ब्रेक लायनर पण. सगळं धरून ४५,८०० झाले. टायर अजून तेच आहेत, ते दिवाळीनंतर बघू.

तक्रार आहेच. आठ दिवस सांगून सतरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि बिल म्हणजे वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी. चॅनलच्या आतल्या बाजूला रेड ऑक्साइड लावलाच नव्हता, मी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसलं, मग लगेच लावून दिला पण बघितलं नसतं तर तिथूनच परत गंज लागला असता. म्हणून गाडी ताब्यात घेताना खाली घुसून बघाच, आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या.

पहिल्या दोन भरलेल्या फेऱ्यांनंतर यू बोल्ट परत आवळायला बोलवलं होतं, गेलो, पैसे घेतले नाहीत. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर गल्लीत ट्रक लागतात आणि पिकअप आत घुसत नाही.