‘फोम भरलेली आहे, बुडणारच नाही’ असं सांगून विकलेली जेट स्की

उभ्याने चालवायच्या जुन्या जेट स्कीच्या जाहिरातीत हल्ली एक वाक्य हमखास असतं (हल म्हणजे जेट स्कीचं फायबरचं धड): ‘हलमध्ये जादा फोम भरलाय, बुडणारच नाही.’ या वाक्याचे वेगळे पैसे लावतात आणि लोक देतातही. आमच्याकडूनही घेतले. पैशांचा आकडा इथे लिहून उपयोग नाही, तो जागोजाग बदलतो. किलो आणि लिटर मात्र कुठेही तेच राहतात, म्हणून तेच नीट लिहितो.

आमच्या जेट स्कीचा हल यामाहाच्या दोन-स्ट्रोक सुपरजेटचा, 2008 नंतरच्या आकाराचा. कंपनीने दिलेलं कोरडं वजन 139 किलो. टाकी रिकामी करून, चेन ब्लॉकला काटा लावून तोलली तेव्हा भरली 168 किलो. म्हणजे 29 किलो जास्त. विकणाऱ्याचा दावा 100 लिटर फोम भरल्याचा. बोटींसाठी वापरतात तो दोन भागांचा पॉलियुरेथेन फोम घनमीटरला साधारण 32 किलो भरतो, म्हणजे 100 लिटरचे होतात 3.2 किलो. बदललेला हँडलपोल, जादा बिल्ज पंप (आत शिरलेलं पाणी उपसणारा), पायाखालची जाड मॅट हे सगळं धरून आणखी 4 किलो. उरलेले जवळजवळ 22 किलो म्हणजे निव्वळ पाणी. ट्रेखालच्या, म्हणजे चालवणारा उभा राहतो त्या जागेखालच्या, मूळ फोमने ते पिऊन ठेवलं होतं.

आता ज्या क्षणाची सगळ्यात जास्त चीड येते तो. सौदा ठरण्याआधी दोघांनी मिळून शेपूट उचलून पाहिली, ती हलेना. त्यावर समोरून सहज उत्तर आलं, ‘अहो, फोमचं वजन आहे ते!’ व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. फोम घालतात तोच मुळी त्याला वजन नसतं म्हणून. एक लिटर चांगला फोम स्वतः 32 ग्रॅमचा असतो आणि पाण्यात सुमारे 968 ग्रॅम उचलतो. ज्या फोमचं वजन हाताला कळतं तो फोम उरलेलाच नसतो. हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं तापतात. आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नव्हती.

बरं, बाकी सगळं तपासलं होतं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जुळत होतं, पंपातल्या इंपेलरची धार शाबूत होती, हल क्रमांक कागदांशी जुळला. इंजिनाच्या खणात पाण्याचा थेंब नव्हता. यावर कुणी ‘बघून घ्यायला नको का?’ म्हणत असेल तर त्याने ट्रे आणि हलमधली पोकळी बघून दाखवावी. ती कारखान्यातच चिकटवून बंद केलेली असते. तिला ना झाकण, ना खिडकी. वर मॅट, खाली राइड प्लेट, म्हणजे बुडाला बोल्टने बसवलेली पंपाखालची पट्टी. डोळ्यांनी दिसत नाही अशाच जागेवर हा सगळा धंदा चालतो.

‘शंभर लिटर’ ऐकल्याबरोबर मात्र एक गोष्ट विचारता येते. शंभर लिटर म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन. इंजिन, पेट्रोलची टाकी, वॉटरबॉक्स (एक्झॉस्टचा डबा) आणि एअरबॉक्स (हवा घेण्याचा डबा) बसल्यावर नाकात आणि बाजूंना किती जागा उरते ते झाकण काढून बघा आणि पाच कॅन कुठे मावले ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आमच्या हलमध्ये निघाला तो नाकात मारलेला जेमतेम 20 लिटर फोम. तोही दारं-खिडक्यांच्या फटी भरायचा डब्यातला. हा एक भागाचा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. जाड थर मारला की वरची साल वाळते आणि आतला गाभा चिकट राहतो. त्याच्या पेशी नीट बंद नसतात, त्यामुळे पाणी शोषतो. वरून काळा रंग मारला की ओळखू येत नाही. तो खरवडल्यावर खाली पुटीने भरलेला तडा निघाला, नाकाच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर लांब. तेव्हा उलगडा झाला: फोम तरंगण्यासाठी नव्हताच, झाकण्यासाठी होता.

ट्रेखालून खणून काढलेला ओला फोम भरला 24 किलो. आकारमान 45 लिटरच्या आसपास. कोरडा असता तर दीड किलोच्या आत बसला असता.

आता ‘फोम घालावा की नाही’ हा मूळ प्रश्न, कारण तोच अर्धवट माहीत असल्याने लोक गळाला लागतात. कारखान्यातून आलेल्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे उभ्याने चालवायच्या जेट स्कीत, फोम असतोच. खण पाण्याने भरला तरी बहुतेक वेळा नाक वर काढून ती तरंगते. 139 किलोच्या जेट स्कीला तरंगत ठेवायला 139 लिटर फोम लागतो हा हिशेब चुकीचा, आणि ठग तोच सांगतात. बुडालेल्या वस्तूचं वजन पाण्यात कमी होतं. फायबरचा हल निम्म्याहून हलका लागतो, ॲल्युमिनियम सुमारे 63 टक्के उरतं, लोखंड 87 टक्के, रबर आणि प्लॅस्टिकचं जवळपास काहीच नाही. ढोबळ बेरीज सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जाते. त्यातला बराच भाग मूळ फोम आणि अर्धी रिकामी टाकी पेलतात. लाटांमध्ये चालवणाऱ्याला जादा फोमचा खरा उपयोग वेगळाच आहे: एक लिटर फोम बसला की खणात एक लिटर पाणी कमी शिरतं. तेवढा बिल्ज पंपाचा वेळ वाचतो आणि जेट स्की लवकर हाताशी येते. सपाट पाण्यावर शर्यतीपुरती चालवणाऱ्याला ही उठाठेव करायची फारशी गरज नाही.

जागा चुकली तर फोम उलटा त्रास देतो. फक्त नाकात भरला की पाणी भरलेली जेट स्की शेपूट खाली टाकून उभी लोंबकळते. तळाशी भरला तर खालचा भाग वर यायला बघतो आणि ती पालथी होते. म्हणून फोम बाजूंना, जितका वर बसेल तितका वर. एक्झॉस्ट आणि वॉटरबॉक्सपासून दोन बोटं तरी लांब, कारण थंड करणारं पाणी एखाद्या वेळी थांबलं तर तिथे फोम वितळायला वेळ लागत नाही. हवा आत येण्याच्या नळ्या आणि बिल्जचा तळ मोकळाच हवा. नळ्या दाबल्या तर इंजिन गुदमरतं आणि पेट्रोलची वाफ खणात साठते, ते बुडण्यापेक्षा वाईट.

ओतायचा फोम इंजिनाच्या खणात नकोच, असं आमचं ठाम मत आहे. तिथे पॉलिएथिलीनचे ठोकळे कापून पट्ट्याने बांधावेत, हवे तेव्हा काढून बघता येतात. थर्माकोल चुकूनही नको. पेट्रोल लागलं की त्याचा चिखल होतो. कुणी ‘आमचा वेगळा आहे’ म्हणालं तर तुकडा पेट्रोलच्या वाटीत टाका, लगेच कळतं.

ट्रेखालच्या बंद पोकळीत मात्र ओतायचाच लागतो आणि फसवणुकीचा दुसरा हप्ता तिथेच असतो, दुरुस्तीच्या नावाखाली. ‘छोटी भोकं पाडून उन्हात ठेवू, सुकेल’ असं कुणी म्हणालं तर जेट स्की परत घेऊन या. पाणी प्यायलेला फोम सुकत नाही, खणूनच काढावा लागतो. मॅट उचलून ट्रेचा तळ चौकोनात कापायचा, कडेला 40 मिलिमीटरची पट्टी ठेवून. पातं थराच्या जाडीपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, खालचा हल कापला तर दुरुस्ती दुप्पट होते. सगळा फोम काढून पोकळी पूर्ण वाळवायची आणि आधी पाणी कुठून शिरलं ते शोधायचं. राइड प्लेटचे बोल्ट, मॅटचे स्क्रू, पंपाच्या बुडाचं सील, हलमधून आरपार जाणाऱ्या नळ्या, हे नेहमीचे चोर. हे न शोधता नवा फोम ओतणारा कारागीर तुमचं पुढचं बिल आत्ताच लिहून ठेवतोय.

दोन भागांच्या फोमचं गणित पाठ करून ठेवा. दोन्ही द्रव समान मापाने. एक किलो मिश्रणातून जास्तीत जास्त 31 लिटर फोम होतो. 45 लिटरच्या पोकळीला किमान दीड किलो लागतं, वाया जाणारं धरून दोन किलो. आम्हाला दाखवलेले दोन डबे अर्धा-अर्धा किलोचे होते, बिल मात्र पूर्ण पोकळीचं. माल आणि हल 25 अंशांच्या आसपास असावेत. गार मालात फोम नीट फुगत नाही आणि जड होतो. मिश्रण पाऊण मिनिटात उसळायला लागतं, म्हणून थोडं-थोडं ओतायचं, आधीचा थर फुगून थंड होऊ द्यायचा आणि वर निघायला वाट ठेवायची. एकदम ओतलं तर ट्रे फुगतो, कधी जोड उकलतो. त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्क त्याला पुरत नाही, सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर आणि वाहती हवा हवी. ट्रेचा कापलेला तुकडा परत बसवताना पॉलिएस्टर रेझिन नको, अशा दाबून बनवलेल्या हलला ते नीट धरत नाही. पृष्ठभाग घासून इपॉक्सी लावा.

आणि दाद मागायला जावं तर कुठे? नोंदणी खात्याला हल क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळले की पुरतं; आत फोम आहे, पाणी आहे की दगड भरलेत, त्यांच्या फॉर्मवर रकानाच नाही. पोलिस म्हणतात, ‘हा दिवाणी मामला, तुम्ही बघून घेतलीत ना?’ विम्याच्या माणसाने फोटो पाहून हळूहळू झालेली झीज म्हणून दावा फेटाळला. तड्यावरची पुटी हळूहळू कशी काय उगवते, हे त्याने सांगितलं नाही. सर्वेक्षकाचा अहवाल आणा म्हणाले म्हणून आणला, तर म्हणे त्यात ‘बहुधा’ हा शब्द आहे. हल कापायच्या आधी ‘बहुधा’ शिवाय काय लिहिणार? आणि कापल्यावर म्हणतात, तुम्हीच पुरावा मोडलात! जेट स्कीच्या बांधणीसाठी आयएसओ 13590 हे मानक आहे, पण ते नवी गाडी बनवणाऱ्यापुरतं. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने आत काय कोंबलं, ते तपासायची जबाबदारी प्रत्येक टेबल पुढच्या टेबलावर ढकलतं. ज्याने फसवलं त्याला एक फोन लावायला कुणी तयार नाही, आणि फसलेल्याकडून मात्र तिसऱ्यांदा तोच अर्ज तीन प्रतींत. खुर्चीत बसलेल्यांपैकी एकानेही ‘वजन किती भरलं?’ एवढं विचारलं नाही. सगळा पुरावा त्या एका आकड्यात आहे.

म्हणून पुरावा आपणच आधी तयार करायचा. टाकी रिकामी करून तोला, काट्यासकट फोटो काढा, मॉडेलचं कंपनीने दिलेलं वजन शेजारी लिहा. पाच-सात किलोंचा फरक सुट्या भागांचा असू शकतो, पंधराच्या वरचा नाही. मोठा काटा नसेल तर नाक आणि शेपूट आळीपाळीने टांगून दोन आकड्यांची बेरीज करा, दुसरं टोक त्या वेळी आडव्या रेषेत टेकलेलं असावं. शेपटीकडचा आकडाच फुगलेला निघाला तर ट्रे संशयित. मॅटच्या मागच्या कोपऱ्याखाली 6 मिलिमीटरचं भोक पाडून लाकडाचा लांब स्क्रू फिरवून ओढा, फोमचा तुकडा सोबत येतो. बोटांत दाबला आणि पाणी आलं, तर पुढे बोलायचं कारण नाही. भोक इपॉक्सीने बुजवता येतं. जो विकणारा ते पाडूच देत नाही, त्याला आत काय आहे ते माहीत असतं. नाकातल्या फोमवर काळा रंग दिसला तर नखाएवढा खरवडा.

पावतीवर ‘फोम भरलेली’ एवढंच लिहून घेऊ नका, त्याला काही अर्थ नाही. फोमचा प्रकार, लिटर, जागा आणि रिकाम्या टाकीने भरलेलं वजन किलोत लिहून सही घ्या. कारागिराकडे काम देत असाल तर मिश्रणाचे रिकामे डबे ताब्यात घ्या आणि डब्यांवरचे किलो गुणिले 31 करून बिलातल्या लिटरांशी ताडा. डबे ‘कचऱ्यात गेले’ असं ऐकू आलं तर उरलेले पैसे देऊ नका.