कॅबिनेट आपलं, बोर्ड भलताच: पॉकेट ट्रान्झिस्टर दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

जुने पॉकेट ट्रान्झिस्टर रेडिओ जमवणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरी आजोबांचा एखादा सेट अजून कपाटात आहे त्यांनीही, हे वाचावं म्हणून लिहितोय. रिस्टोअर करून देतो म्हणून सेट घ्यायचा, कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, लखलखीत करून परत द्यायचं आणि आतला मूळ बोर्ड, म्हणजे सगळे पार्ट बसवलेली पट्टी, काढून घ्यायचा, असा प्रकार माझ्या बाबतीत नवी मुंबईत घडला आहे.

सेट माझ्या वडिलांचा. थोरले काका बोटीवर होते, त्यांनी आणून दिलेला. जपानी बनावटीचा, आत सहा ट्रान्झिस्टर (सिग्नल मोठा करणारे छोटे पार्ट) असलेला, शर्टाच्या खिशात मावणारा. त्याच्या डायलवर 640 आणि 1240 किलोहर्ट्झच्या जागी दोन बारीक त्रिकोण आहेत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेवर हल्ला झालाच तर लोकांनी याच दोन फ्रिक्वेन्सींवर सूचना ऐकायच्या, अशी तिथल्या सरकारची योजना होती. 1963 साली ती बंद झाली. त्यामुळे त्रिकोणवाला सेट दिसला की तो अमेरिकेच्या बाजारासाठी आणि साधारण त्याआधी बनला, हे जाणकाराला लगेच कळतं. अशा सेटला संग्राहक चांगले पैसे देतात, आणि नेमकं म्हणूनच त्यावर वाईट नजरही लवकर पडते.

सेट बंद पडला तो ऑसिलेटर कॉइलची, म्हणजे स्टेशन पकडायला लागणाऱ्या गुंडाळीची, तार तुटल्यामुळे. चालू केला की नुसती सूं-सूं, स्टेशन एकही नाही. सुकलेले कंडेन्सर बदलणं, व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर घालवणं, सुटलेलं सोल्डर पुन्हा मारणं ही कामं मी घरीच करतो. केसासारखी बारीक तार परत गुंडाळायची तर त्याला वेगळा हात लागतो. ओळखीतून एकाचं नाव कळलं. त्याने केलेल्या कामांचे फोटो खरंच चांगले होते. कोपरखैरणे स्टेशनबाहेर भेटलो, अर्धे पैसे तिथेच यूपीआयने दिले. पावती मागितली तर म्हणाला, "काका, आपल्यात कसली पावती?"

देण्याआधी मी मागचं झाकण उघडून आतले सगळे फोटो काढून ठेवले होते. हे मी प्रत्येक सेटचं करतो.

सेट परत आला तेव्हा कॅबिनेट आरशासारखं चकचकीत. स्टेशनच्या गोंगाटातही खणखणीत वाजला. उरलेले पैसे देऊन मी ठाण्याची गाडी पकडली. नौपाड्याला घरी येऊन शांतपणे डायल फिरवला तेव्हा खटकलं. अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागते, म्हणजे डायलच्या अगदी सुरुवातीला, 55 च्या खुणेला चिकटून (डायलवर शेवटचा शून्य छापलेला नसतो). इथे ती 60 च्याही पुढे लागत होती. अलाइनमेंट, म्हणजे डायलशी स्टेशनं जुळवणं, थोडं सरकलं असेल तर आतले ट्रिमर आणि कॉइल हे जुळवायचे पार्ट फिरवून ते जागेवर येतं. पण अस्मिता जागेवर आणली की 1044 वरचं मुंबई केंद्र भलतीकडे जायचं, आणि ते आणलं की अस्मिता सरकायची. डायल एका गँगसाठी (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरसाठी) छापलेला आणि आत गँग दुसराच असला की असं होतं.

झाकण उघडलं. आत हिरवा फायबरचा नवा बोर्ड, त्यावर दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेली एक काळी आयसी (अनेक ट्रान्झिस्टरचं काम एकटी करणारी चिप), बाकी चिल्लर पार्ट. ट्रान्झिस्टरची धातूची टोपी एकही नाही. माझ्या फोटोत तपकिरी बोर्ड, सहा ट्रान्झिस्टर, रंगीत टोकांच्या आयएफटी (स्टेशन वेगळं काढणाऱ्या डबीतल्या कॉइल) आणि दोन छोटे ट्रान्सफॉर्मर स्पष्ट दिसतात. आजही मिळणाऱ्या स्वस्तातल्या रेडिओचा बोर्ड कापून-तासून बसवला होता. माझा फक्त स्पीकर उरला होता.

फोन केला तर उत्तर मिळालं, "जुना बोर्ड गेलेलाच होता काका. आता वाजतोय ना?" माझा बोर्ड परत दे म्हटल्यावर म्हणाला, कचऱ्यात टाकला. त्यानंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

तो बोर्ड कचऱ्यात गेला नव्हता. काही दिवसांनी जुन्या रेडिओंच्या जाहिराती बघताना त्याच मॉडेलचा एक सेट दिसला. कॅबिनेटचा रंग वेगळा, खाली लिहिलेलं 'सर्व पार्ट ओरिजिनल', आणि विश्वास बसावा म्हणून मागचं झाकण उघडून काढलेला फोटो. वडिलांच्या हातून एकदा बॅटरीची वायर तुटली होती. त्यांनी ती पिळून जोडली आणि वर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा काळा तुकडा चढवला होता, एका टोकाला किंचित तिरका कापलेला. तोच तिरका तुकडा त्या फोटोत होता. शेजारी गँगवर माझ्याच स्क्रूड्रायव्हरने उठलेला ओरखडा. मी स्क्रीनशॉट घेतले आणि विचारणा केली. त्यानंतर जाहिरात गायब झाली.

एका बोर्डासाठी एवढं कशाला, असं अनेकांना वाटतं. पण त्या काळातले बहुतेक ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जर्मेनियमला चालू व्हायला साधारण 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला 0.6 ते 0.7 लागतात. त्यामुळे जुना काढून आजचा तसाच लावता येत नाही, बायसिंग, म्हणजे ट्रान्झिस्टरला मिळणाऱ्या व्होल्टेजची मांडणी, बदलावं लागतं. शिवाय गँग, आयएफटी, ट्रान्सफॉर्मर सगळे त्या मापाचे. ज्याच्याकडे सुंदर कॅबिनेट आहे आणि आतला माल मेलेला आहे, तो मूळ बोर्डासाठी भरपूर पैसे मोजतो.

या धंद्यात आतल्या मालाची लबाडी जुनीच आहे. पहिला बाजारात आलेला ट्रान्झिस्टर रेडिओ, 1954 चा रीजन्सी टीआर-1, चारच ट्रान्झिस्टरवर चालायचा. पुढे जास्त ट्रान्झिस्टर म्हणजे भारी रेडिओ असा समज झाला, तेव्हा काही उत्पादकांनी बोर्डावर नुसते शोभेचे, सर्किटमध्ये काही काम नसलेले ट्रान्झिस्टर लावून आकडा वाढवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला त्यासाठी वेगळा नियम करावा लागला. म्हणून जुना सेट विकत घेतानाही बाहेर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, झाकण उघडायला लावा. 'उघडलं तर व्हॅल्यू जाते' म्हणणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही.

दुरुस्तीला देताना आतले फोटो दोघांनी मिळून काढा आणि तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळ दोघांकडे राहते. बोर्डाच्या मागे, सोल्डर नसलेल्या जागी, सुईने बारीक खूण करा. 'बदललेला प्रत्येक पार्ट परत देणार' एवढं एक वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या. प्रामाणिक कारागीर ते आनंदाने लिहून देतो, मला असे भेटले आहेत. परत घेताना झाकण उघडून फोटोशी ताडून बघा, ओळखीची दोन स्टेशनं डायलवर आपापल्या जागी लागतात का पाहा, आणि मगच उरलेले पैसे द्या. कुरिअरने पाठवायचा असेल तर पॅकिंगचाही व्हिडिओ करा.

मी माझे फोटो, स्क्रीनशॉट आणि यूपीआयच्या नोंदी जोडून पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगातही जातोय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे मला ठाण्यातच ती दाखल करता येईल, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. पैसे ऑनलाइन गेले आणि समोरचा माणूसच खोटा निघाला, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तिरका तुकडा बॅटरीच्या वायरवर असलेला सहा ट्रान्झिस्टरचा तपकिरी बोर्ड कुणाला विकायला आला, तर तो घेऊ नका. विकणाऱ्याकडे त्याची पावती मागा आणि फोटो काढून ठेवा.