रिमला लोहचुंबक लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

जुन्या बुलेटच्या सांगाड्यावर मी घरीच बांधत असलेल्या गाडीच्या दोन चाकांसाठी सोलापुरातल्या एका कारागिराने माझ्याकडून 13,200 रुपये घेतले आणि नव्या अ‍ॅल्युमिनियम रिमच्या नावाखाली काळा रंग फासलेल्या जुन्या लोखंडी रिम माझ्या गळ्यात मारल्या. रिमचे 7,800, स्टेनलेसचे 80 आरे व निपल (आरा रिमला घट्ट धरणारे छोटे नट) यांचे 3,600 आणि चाके बांधून आऊट, म्हणजे चाकाचा डगमगाट, काढण्याची मजुरी 1,800 असा हिशेब होता. त्यातले 9,000 रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले 4,200 त्याच्याच आग्रहावरून रोख दिले.

चाके ताब्यात घेतली तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. आरे आणि रिम पाहता याव्यात म्हणून टायर चढवू नका, असे मी आधीच बजावले होते. तरीही दोन्ही चाके टायर-ट्यूबसह हवा भरून तयार होती. ‘‘ट्यूब तपासायची होती, दादा, तुमचाच हेलपाटा वाचवला,’’ असे तो म्हणाला. मग त्याने चाक स्टँडवर फिरवून दाखवले. बाजूचा आणि वरखालचा आऊट 2 मिलिमीटरच्या आत असावा लागतो, आणि इथे तर तो मोजणारा स्टँडवरचा काटा जेमतेम हलत होता. अशा वेळी कोणते गिऱ्हाईक टायर उतरवायला लावेल? पण वाकडी रिमसुद्धा काही आरे बेसुमार ताणून आणि काही ढिले सोडून स्टँडपुरती सरळ दाखवता येते. आऱ्यांवर पान्याने टिचकी मारून पाहत चला. ताणलेला आरा खणखणतो, ढिला बद्द वाजतो. वेल्डिंग आणि वायरिंग मी स्वतः करतो, परंतु चाक बांधणे हे वेगळे कसब आहे आणि त्याच कसबाचे पैसे मी मोजले होते.

तुळजापूर रस्त्यावर मागची ट्यूब फाटली आणि गाडी कशीबशी सावरली. टायर उतरवल्यावर दिसले, की निपलच्या वर आलेली, ग्राइंडरने ओबडधोबड कापलेली आऱ्यांची टोके रिमपट्टी (ट्यूबखालची संरक्षक पट्टी) फोडून ट्यूबमध्ये घुसली होती. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतून आणि बाहेरून जाणाऱ्या आऱ्यांचा बाक वेगळा असतो. या गृहस्थाने एकाच जातीचे आरे हातोडीने वाकवून भरले होते. रंगाखाली गंज होता. अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, या रिमला तो घट्ट चिकटला. आऱ्यांची पारख मात्र चुंबकाने करू नका, कारण ओढून काढलेल्या स्टेनलेस तारेलाही तो थोडाफार धरतो.

जाब विचारला, तर ‘‘तुम्हीच खड्ड्यात घातली असणार’’ हे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात गेलो, तर तक्रार वाचायच्या आधीच ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगण्यात आले. पुन्हा गेलो, तेव्हा संबंधित साहेब बंदोबस्तावर होते. त्यानंतर भेटलेल्या अंमलदाराने गाडीत बदल केल्याबद्दल आधी माझ्यावरच कारवाई होईल असे सुनावले, वास्तविक चाकांचे माप मी बदललेलेच नव्हते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले आहे. हे बोलून दाखवल्यावर ‘मग न्यायालयातच जा’ असे ऐकावे लागले. तक्रारीची पोचसुद्धा मिळाली नाही. कष्टाचे पैसे गेलेल्या माणसाने नेमके कोणाचे दार ठोठवावे?

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार करीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. साध्या कागदावरच्या ‘दोन चाके, जमा 9,000’ या पावतीत अ‍ॅल्युमिनियमचा उल्लेखच नाही, पण ‘नवीन अ‍ॅल्युमिनियम रिम’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश माझ्याकडे आहे. म्हणून धातू, माप आणि आऱ्यांची संख्या पक्क्या बिलावर लिहून घ्या, व बिल नसेल तर रोख रक्कम देऊ नका. अशी बांधून आणलेली चाके ज्यांच्या गाडीला आधीच बसली असतील, त्यांनी टायर उतरवून आऱ्यांची टोके पाहीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.